मामंजींच्या पंपातली कुपी

कुपी पंपात घालणं वेगळं आणि बसवणं वेगळं. नुसती घातलेली कुपी वरून अगदी बसल्यासारखी दिसते. दाबली की फुस्स असा आवाजही येतो. फक्त औषध छातीत जात नाही. हा फरक माझ्या ध्यानात यायला दोन महिने गेले आणि तो दुसऱ्याच्या हाताला शिकवायला आणखी तीन.

साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. आमचं घर पोलादपूरपासून दोन मैलांवर, उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरात माणसं तीन: सासरे, सासूबाई आणि मी. यजमान मुंबईला गोदीत कामाला. शेती बेताची, म्हशी दोन, आणि मामंजींचा दमा. दमा मी घरातल्या माणसांसारखाच धरत असे, कारण त्याच्या वेळा सांभाळूनच बाकी सगळी कामं लावावी लागत.

माझं माहेर महाडचं. वडील कोर्टात कारकून. त्यांच्याकडून मला यादी करायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दम्याची यादी केली होती: काय खाल्लं की वाढतो, कोणत्या धुरानं वाढतो, कोणत्या कुशीवर कमी होतो. उपायांची यादी लहान होती. धोतऱ्याची सुकी पानं जाळून त्यांचा धूर घ्यायचा, त्यानं थोडा आराम पडे. गोळ्यांनी हात थरथरत. आणि सगळं हरलं की एस.टी.नं महाड गाठून डॉक्टरांचं इंजेक्शन. पावसाळ्यात एस.टी. मिळाली तर मिळाली. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारात शिरलं की डॉक्टरही आपल्याच घरात अडकून पडत.

त्या वैशाखात दासगावचे एक खलाशी आमच्याकडे आले. ते परदेशी जाणाऱ्या बोटीवर होते आणि गोदीत यजमानांशी त्यांची ओळख झाली होती. यजमानांनी दम्याचं सांगितल्यावर त्यांनी कुठल्याशा बंदरातून हे यंत्र आणलं होतं. वितीपेक्षा लहान, वाकलेली प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यात बसणारी धातूची कुपी. कुप्या दोन होत्या, एक वापरायची आणि एक शिल्लक. रजा संपत आली होती म्हणून ते स्वतःच द्यायला आले.

ओटीवर मामंजींना ते समजावून सांगत होते. मी माजघराच्या दाराआड उभी. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर जात नसे आणि त्यांच्याशी थेट बोलत तर मुळीच नसे. काही सांगायचं असलं तर सासूबाईंकरवी. मला दारातून खलाशांची पाठ तेवढी दिसत होती.

"काका, कुपी अशी उलटी धरायची," ते म्हणत होते. "हा तिचा देठ. देठ खाली. नळीत आत बारीक भोक हाय, त्यात हा देठ गेला पायजे. गेला की हाताला कळतं."

"आन् नाय गेला तर?" मामंजींनी विचारलं.

"तर हवेला औषध पाजाल."

"हवेला कुठं दमा हाय?" मामंजी म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. त्या गडबडीत खलाशांनी कुपी बसवली, मामंजींनी नळी तोंडात धरली, फुस्स झालं. देठ भोकात कसा जातो हे नेमकं पाहायला हवं होतं, तेच माझं राहून गेलं.

पाच मिनिटांनी मामंजी भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या छातीतली शिट्टी थांबली होती. सासूबाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "एवढीशी पिपाणी, आन् बघा." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव पिपाणी. मी पंप म्हणत असे.

पंप ठेवायला सासूबाईंनी माजघरातला कोनाडा दिला. मामंजींच्या अंथरुणावरून हात पोचेल असा तो होता आणि त्याच्या वरच्याच कोनाड्यात देव होते. मी वहीचं एक पान त्याच्या नावानं काढलं. एक फवारा, एक रेघ. एका कुपीत दोनशेच्या आसपास फवारे असतात असं खलाशांनी सांगितलं होतं. ते बोटीवर गेले की पुढची कुपी कधी येईल कोण जाणे, म्हणून हिशेब ठेवणं भाग होतं.

पहिले पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग मामंजी म्हणायला लागले, "आता पहिल्यासारखं लागत नाय." जिथं दोन फवाऱ्यांत काम व्हायचं तिथं चार लागायला लागले. आषाढ उजाडला तेव्हा ते म्हणाले, "संपली ही." मी वही काढली. रेघा शंभरच्याही आत होत्या. मी सासूबाईंना म्हटलं, "त्यांना म्हणावं, संपली नाही. कानाशी हलवली तर आत खुळखुळतंय."

मामंजी दोन हातांवर होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी ते सासूबाई सांगेपर्यंत थांबले आणि मग त्यांनाच म्हणाले, "तिला म्हणावं, वही ओढ आन् बघ दमा जातो का."

चूक कुठं होती ते रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. पंप तोंडाला लागायचा म्हणजे तो उष्टा. उष्टी वस्तू देवाच्या खालच्या कोनाड्यात कशी ठेवायची? म्हणून प्रत्येक वेळी सासूबाई कुपी काढून बाजूला ठेवत, नळी मोरीवर नेत, नारळाच्या शेंडीनं राखेनं घासत, पाणी ओतत आणि निथळती नळी आणून कुपी आत ढकलत. ज्या राखेनं आम्ही पेला घासायचो, ताट घासायचो, तीच राख. मला यात काही वावगं दिसलंच नाही. मीही तेच केलं असतं. किंबहुना त्या म्हशीकडे गेलेल्या असल्या तर मी ते केलंही होतं. कुपीचा देठ जिथं बसतो तिथलं भोक सुईच्या टोकाएवढं. राखेनं ते रोज थोडं थोडं बुजत होतं.

आषाढात आमची लावणी चालू होती. मला चौथा महिना होता, पण शेतावर माणसं कमी, म्हणून मीही चिखलात उतरले होते. दुपारी बांधावरून सासूबाईंची हाक आली.

"सुनबाई गो! ये गो लवकर! ह्यांना काय होतंय बघ!"

मी तशीच चिखलाच्या पायांनी घरात गेले. मामंजी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढं वाकून बसले होते. ओठ जांभळट. सासूबाईंनी शिल्लक ठेवलेली दुसरी कुपी उघडून पंपात घातली होती आणि ती दाबत होत्या, दाबत होत्या. फुस्स, फुस्स, फुस्स. त्यांचा अंगठा पांढरा पडला होता.

"नवी घातली तरी काय नाय गो! ही पण रिकामीच दिलीन त्या माणसानं!"

मी त्यांच्या हातातून पंप घेतला तर त्यांची बोटं बर्फासारखी गार. तेव्हा मला कळलं. औषध बोटांना जात होतं. कुपी तिरकी होती, देठ भोकाच्या बाजूला टेकला होता आणि सगळा फवारा कुपीच्या कडेनं वर येत होता. मी कुपी काढली. नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं तर भोक दिसेचना, करडा ठिपका तेवढा. खराट्यातला एक हीर मोडून त्याच्या टोकानं मी तो ठिपका टोकरला, कोमट पाणी ओतलं, जोरानं फुंकलं, पदरानं आतून कोरडं केलं. कुपी उलटी धरली. देठ भोकावर आणला, हलकेच फिरवला, आणि मग तो खाली गेला. टक. तो बारीक आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एक फवारा हवेत सोडून पाहिला. समोरून नीट धुकं आलं आणि बोटं कोरडी राहिली.

मग मी मामंजींसमोर बसले. पदर डोक्यावरून कधीच पडला होता.

"मामंजी, आधी श्वास सोडा. सगळा सोडा. आता ओठ मिटा. मी दाबलं की आत ओढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा. मग श्वास सोडला.

दोन फवारे दिले. तिसरा मागत होते, दिला नाही. हळूहळू ओठांचा रंग बदलला. सासूबाई दारात उभ्या राहून रडत होत्या.  मी पाय धुऊन परत चिखलात गेले, कारण तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून ठेवलेला होता. संध्याकाळी भाकरी थापताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बोललीस ते बोललीस. लोकांपुढं नको बोलूस."

रस्ता मोकळा झाल्यावर मी पंप आणि त्याच्याबरोबरचा इंग्रजी कागद घेऊन महाडला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी असं यंत्र मुंबईत एकदाच पाहिलं होतं. त्यांनी कागद वाचला, मी वहीत उतरवून घेतलं. राखेचं सांगितल्यावर ते हसले आणि मग हसायचे थांबले.

"बाई, याला राख नाही, माती नाही, चुलीजवळ ठेवायचं नाही. आठवड्यातून एकदा कुपी काढून नुसती नळी कोमट पाण्यानं धुवा. पूर्ण वाळली की मगच कुपी बसवा. आणि एका वेळी दोन फवारे, जास्त नाहीत. काळीज धडधडायला लागेल."

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी राख सोडली, हेच खूप झालं. आठवड्यातून एकदाचं मात्र त्यांना पटलं नाही.

"आन् सहा दिवस उष्टं तसंच देवाखाली?"

"औषध आहे ते, आत्याबाई. त्याला उष्टं कसलं?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे.

"काढा काय औषध नसतो? त्याची वाटी घासत नाय का आपण?"

काढ्याची वाटी मीच घासत असे. मग ठरलं ते असं की प्रत्येक वेळी पंप धुवायचा, पण नुसत्या पाण्यानं, आणि कुपी मी बसवायची. सासूबाई आता कुपीला हातही लावेनात. त्या दिवसाची धास्ती त्यांच्या बोटांत बसली होती. मामंजींना जवळचं दिसत नसे आणि दमा उठला की त्यांचे हात थरथरत. म्हणजे उरले मी.

त्यानंतरचे तीन महिने मी कुठून कुठून उठून आले त्याची यादी एकदा केली होती आणि मग चुलीत घातली. विहिरीवरून घागर अर्धी टाकून. म्हशीच्या खालून, धार तुटून. न्हाणीतून, ओल्या केसांनी. जेवताना तर नेहमीच. दिवसातून तीनदा, ढगाळ असलं की पाचदा. धुवायचं, झटकायचं, पुसायचं, वाळायची वाट बघायची, देठ भोकावर आणायचा, फिरवायचं, टक. माझ्या पोटाचा आकार वाढत होता आणि वाकलं की कंबर धरायची. घराबाहेर हाकेच्या अंतरापलीकडं मी गेलेच नाही. पोलादपूरचा बाजारही शेजारणीकडून मागवला.

गौरी-गणपतीला यजमान चार दिवस आले. खलाशांच्या ओळखीच्या दुसऱ्या कोणाकडून मिळालेल्या सहा नव्या कुप्या त्यांनी आणल्या. मी त्यांना बसवून दाखवलं. त्यांनी एका दमात बसवली. "यात काय अवघड आहे?" म्हणाले. पाचव्या दिवशी ते मुंबईला गेले.

आश्विन लागला तेव्हा माझा सातवा अर्धा सरला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातव्यातच नेतात. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत. त्या वेळी ते सगळेच पाळत. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. आईनं त्याच्याबरोबर पुरणाच्या पोळ्या दिल्या होत्या. मी चहा दिला आणि म्हटलं, "दादा, आज नाही येत."

"का?"

"कुपी बसवायला कोणी नाही."

त्यानं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "तू तिकडं पेशंट व्हायला चाललीस की इकडं नर्स म्हणून राहायला?"

"दसऱ्यानंतर ये," मी म्हटलं. "तोवर शिकवते."

"आठवा लागेल."

"त्याच्या आत दोन दिवस मिळतात."

तो पोळ्या ठेवून एकटाच गेला. मी किमान चार महिने नसणार होते. तेवढ्यात कुपी चार वेळा तरी बदलावी लागणार होती, आणि दर धुण्याला पुन्हा बसवणं होतंच. मी गेले आणि आषाढातल्या दुपारसारखी दुपार आली तर मामंजी जाणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. भाऊ एकटा गेला त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्या रात्री मी एक कागद घेतला, स्वच्छ अक्षरात सगळी कृती पायरी पायरीनं लिहिली आणि सकाळी कोनाड्याशेजारी खळीनं चिकटवली. सात ओळी. सातवी ओळ भिंतीवर नीट दाबून बसवताना माझ्या ध्यानात आलं की सासूबाईंना वाचता येत नाही.

त्या माझ्यामागं उभ्या राहून बघत होत्या. "चांगलं दिसतंय," म्हणाल्या. "चौकट कर त्याला."

मग हातानं शिकवायचं ठरवलं. त्या बसवायला गेल्या की कुपी तिरकी होई, गार झाली की हात झटकत आणि कुपी माझ्याकडे देत. दिवसातून पाच वेळा धुणं, पाच वेळा बसवणं, आणि प्रत्येक वेळी मामंजी समोर धापा टाकत. अशा घाईत कोण शिकणार? दुसऱ्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला नाय यायचं हे. तू नको जाऊस गो. आमच्यात सासरी झालेली पोरं पण जगलीत."

मी नळी धुवायला उठले. तेवढ्यात मामंजी अंथरुणावरून म्हणाले, "अगो, ऐकलंस का. माझी चिलीम किती वर्षं होती?"

"चाळीस असंल," सासूबाई म्हणाल्या.

"ती चार माणसांच्या तोंडातून फिरायची. कधी घासलीस?"

"चिलीम ओटीवर असायची. घरात कुठं घेत होते मी तिला? ओटीवरचं मला काय करायचंय?"

मी मोरीपाशी थांबले. हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं. चिलीम, तंबाखूची चंची, पाहुण्याचा तांब्या, सगळं ओटीवरचं. त्याला आतले नेम नव्हतेच. पंप उष्टा होता तो माजघरात देवाखाली होता म्हणून.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्यांचं अंथरूणच ओटीवर घातलं तर? पाऊस सरलाय. पिपाणी खुंटीला टांगू पिशवीत."

सासूबाईंनी ओटीवरच्या खुंटीकडं पाहिलं. "मग धुवायची नाय?"

"आठ दिवसांनी. डॉक्टर म्हणतात म्हणून."

"डॉक्टर म्हणतो म्हणून होय," त्या म्हणाल्या. "उष्टं म्हणून नाय."

त्याच दुपारी अंथरूण ओटीवर गेलं. मी जुन्या धोतराची नाड्याची पिशवी शिवली. दिवसातलं पाच वेळचं बसवणं एकदम आठ दिवसांतून एकदा झालं. आता शिकवायला वेळ मिळाला. अडचण एवढीच की ओटीवर येणारे-जाणारे असत, तिथं मला बसता येत नसे. मी दाराच्या आत बसायची, सासूबाई उंबऱ्यापलीकडं, आणि मधे पंप. संपलेली पहिली कुपी मी जपून ठेवली होती. तिच्यावर त्यांना शिकवलं. रिकाम्या कुपीला वास नाही, गारवा नाही, भीती नाही. डोळे मिटून देठ चाचपायला सांगितलं. सुईत दोरा ओवताना बोट कसं थांबतं, तसं थांबवा म्हटलं. पहिल्या दिवशी वीस वेळा, दुसऱ्या दिवशी तीस. मामंजी पडल्या पडल्या मोजत आणि चुकलं की म्हणत, "हवेला पाजलंन."

"गप रहा," सासूबाई म्हणत. "तुमच्यासाठीच चाललंय हे."

भाऊ दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी आला. आठव्याला एक दिवस उरला होता. मुक्काम करून सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. दुपारी खळ्यात लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची झोडणी चालू होती आणि वारा नेमका घराकडं होता. त्या दिवशी आठवडा भरला होता म्हणून मी पंप धुऊन नळी दोरीवर वाळत टाकली होती. कुपी पिशवीत. भुसाची धूळ ओटीवर आली आणि मामंजींना उबळ लागली. पाहता पाहता ते पुढं वाकले.

सासूबाई नळी घेऊन आल्या. फुंकून पाहिली, पदरानं पुसली. पिशवीतून कुपी काढली. मी दाराच्या आत होते. माझे हात आपोआप पुढं झाले. भाऊ ओटीच्या कडेला उभा होता. तो ओरडला, "अगं, तू दे ना! बघतेस काय?"

मामंजींनी मान वर केली. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी एक हात माझ्याकडं करून नको असा हलवला आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंचं मनगट धरलं.

मी हात मांडीखाली घातले. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली आहेत. त्या दिवशी काम न करण्याइतकं मला काही जड गेलं नाही.

सासूबाईंनी कुपी आत ढकलली आणि दाबली. फुस्स. "बोटं गार झाली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मामंजींच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. सासूबाईंनी कुपी काढली. घाई केली नाही. डोळे मिटले, देठ बोटानं चाचपला, भोकावर आणला, थांबल्या, फिरवला. टक. मला तो आवाज आतपर्यंत ऐकू आला. एक फवारा अंगणाकडं सोडून त्यांनी अंगठा गालाला लावून पाहिला. कोरडा.

"सोडा श्वास," त्या म्हणाल्या. "सगळा. हां. आता चिलीम ओढता तसं. ओढा."

एक. मग थोडं थांबून दुसरा.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. खळ्यातले लोक काठ्या ठेवून अंगणात येऊन उभे राहिले होते. शिट्टी कमी झाली. मामंजी खांबाला टेकले. सासूबाईंनी पंप परत पिशवीत घातला, नाडा ओढला, खुंटीला अडकवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वहीत रेघा ओढ गो. तीन. एक हवेला गेला तो वेगळा."

"तो पण धरायचा," मी म्हटलं. "चार."

मामंजींना बोलता यायला आणखी थोडा वेळ लागला. अंगणात माणसं होती, माझा भाऊ होता. त्यांनी सासूबाईंकडं न बघता दाराकडं तोंड करून म्हटलं, "सुनबाई, तू जा आता."

मी उठून आत गेले. लुगडी बांधायची होती, म्हशीचं शेजारणीला सांगायचं होतं, वही सासूबाईंच्या हातात द्यायची होती आणि रेघा कशा ओढायच्या ते दाखवायचं होतं. ते सगळं झालं. सकाळी पोलादपूरच्या थांब्यावर गाडी आली. भावानं मला खिडकीशी बसवलं आणि ट्रंक पायाशी ठेवली. गाडी सुटली एवढं मला आठवतं. भाऊ सांगतो, वाटेत तो दोनदा माझ्याशी बोलला, एकदा गाडी बिघडून अर्धा तास उभी होती, लोक खाली उतरले, परत चढले. मला यातलं काही माहीत नाही. महाडच्या डेपोत सगळी गाडी रिकामी झाल्यावर, भाऊ खाली ट्रंक उतरवत असताना, कंडक्टरनं येऊन मला उठवलं.